शहराच्या टोकाला राहायला गेल्यावर बाजारहाट कसा बसवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला आलात. घर मोठं मिळालं, पण जवळ एकच लहान दुकान आहे, तिथे भाव चढे आणि निवड कमी. मोठं दुकान गाडीने अर्ध्या तासावर. शेजारचे काही जण आठवड्याला एकदा जाऊन गाडी भरून आणतात, काही सगळंच ऑनलाइन मागवतात. तुमचा महिन्याचा खर्च वाढलाय, भाजी सडून टाकावी लागते, आईंना गाडी चालवता येत नाही. वस्तीतली दोन दुकानं दोन वर्षांत बंदही पडली. तुम्ही विचारताय की यातला स्वस्त मार्ग कोणता, आणि दुसरी गाडी घ्यावी का.

दुकान कुठे टाकावं आणि कुठे टाकू नये, हे ठरवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यातलं निम्मं काम अशाच वस्त्यांमधलं. त्या अनुभवावरून सांगतो, ‘कोणतं दुकान स्वस्त’ इथून सुरुवात केलीत तर हिशेब जुळणारच नाही. वस्तू किती वेळा लागते, किती दिवस टिकते आणि तिच्यासाठी वेगळी फेरी पडते का, हे तीन प्रश्न आधी. दुकान त्यानंतर आपोआप ठरतं, आणि सगळ्या वस्तूंना एकच दुकान कधीच ठरत नाही.

आधी फेरीचं बोलू, कारण खर्च तिथेच लपलेला असतो. शहरात असताना दुकान वाटेवर होतं, फेरी फुकट होती. आता प्रत्येक फेरीला इंधन, गाडीची झीज, जाण्यायेण्याचा तास आणि ‘आलोच आहोत तर’ म्हणून टोपलीत पडलेल्या चार वस्तू, एवढं सगळं लागतं. यातला बराचसा खर्च टोपली लहान असो वा मोठी, तेवढाच राहतो. समजा मोठ्या दुकानात माल सरासरी 8 टक्के स्वस्त आहे आणि फेरीचा खरा खर्च 10 आहे. 100 ची खरेदी केलीत तर 8 वाचले आणि 10 गेले. म्हणजे स्वस्त दुकानात जाऊन तुम्ही 2 ने तोट्यात आलात. तीच खरेदी 300 ची केलीत तर 24 वाचले, 10 गेले, 14 हाती राहिले. फेरीच्या खर्चाला भावातल्या फरकाने भागा. या उदाहरणात 10 भागिले 0.08, म्हणजे 125. त्याहून लहान खरेदीसाठी त्या रस्त्याला लागूच नका. स्वतःचे आकडे घालून हा भागाकार एकदा कागदावर करा. अनेक घरांत फक्त साखर संपली म्हणून गाडी निघते, ते थांबतं.

मग याचं टोक गाठून महिन्याचं सगळं एकदम भरावं का? नाही. या प्रश्नाचं गणित 1913 मध्येच मांडलं गेलं आहे. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने कारखान्यासाठी प्रश्न सोडवला होता की एका खेपेत किती सुटे भाग बनवावेत. प्रत्येक खेपेच्या तयारीचा एक ठरलेला खर्च असतो, आणि बनवलेला माल साठवून ठेवायलाही खर्च येतो. दोन्हींचा मेळ घातला की योग्य खेप तयारीच्या खर्चाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आपल्या घरात ‘तयारीचा खर्च’ म्हणजे फेरी. फेरी चौपट महाग झाली तर एका वेळची खरेदी दुप्पट करायची, चौपट नाही. पूर्वी दर दोन दिवसांनी जात होतात आणि आता फेरी चौपट महाग पडते, तर दर चार दिवसांनी जा. नऊपट पडत असेल तर दर सहा दिवसांनी. लोक घाबरून थेट महिन्यावर उडी मारतात, तिथे सडणं, जागा अडणं आणि ‘घरात आहे म्हणून जास्त वापरणं’ सुरू होतं.

या गणिताचा दुसरा गुण असा की ते फार काटेकोर नाही. योग्य मापापेक्षा दीडपट आणलंत तर फेरी आणि साठवण यांचा मिळून खर्च साधारण 8 टक्क्यांनीच वाढतो, दुप्पट आणलंत तर 25 टक्क्यांनी. पण चौपट आणलंत तर तोच खर्च दुपटीच्याही वर जातो. म्हणून सहा दिवस की आठ, यावर घरात वाद घालू नका. आठवडा की महिना, यावर मात्र जरूर घाला.

आणि साठवणीचा खर्च प्रत्येक वस्तूला वेगळा असतो. मीठ, साबण, कपडे धुण्याची पावडर, कोरडं धान्य यांना तो जवळपास शून्य, जागा असेल तर दोन महिन्यांचं भरा. पालेभाजी, मऊ फळं, दूध यांना तो प्रचंड. ती दोन-तीन दिवसांची. कोबी, गाजर, भोपळा, कांदे, बटाटे मधल्या गटात, आठवडाभर सहज. म्हणजे तुमच्या घरात तीन वेगवेगळे ताल चालले पाहिजेत. हे तिन्ही एकाच शनिवारच्या गाडीत कोंबलेत की भाजी सडणारच. तुमच्या फेकण्याचं मूळ बहुधा हेच आहे.

आता दुकान निवडण्याकडे. नकाशावर घराभोवती वर्तुळ काढून दुकानं शोधू नका. रोजच्या वाटेवर शोधा. टोकाच्या वस्तीत राहणारा माणूस बहुतेक दिवस कामासाठी बाहेर पडतोच, आणि परतताना एखाद्या स्थानकातून, बसथांब्यावरून किंवा मोठ्या चौकातून जातोच. तिथलं दुकान घरापासून आठ किलोमीटरवर असलं तरी तुमच्यासाठी ते वळसा घेण्याच्या पाच मिनिटांवर आहे. घरापासून दोन किलोमीटरवर, पण उलट्या दिशेला असलेलं दुकान त्याहून महाग पडतं. नगररचनाकारांना हे जुनं ठाऊक आहे. स्टॉकहोमजवळ 1954 मध्ये सुरू झालेल्या व्हेलिंगब्यू या उपनगरात दुकानं, कचेऱ्या आणि सार्वजनिक सोयी मेट्रो स्थानकाभोवतीच बांधल्या होत्या, घरं त्यांच्या बाहेर पसरत गेली. तुमच्या वस्तीचा आराखडा तसा नसेल, पण तुम्ही स्वतःची वाट तशी आखू शकता. घरातला जो माणूस स्थानकावरून येतो, त्याच्याकडे मधल्या गटातल्या वस्तू द्या, आठवड्यातले दोन वार ठरवून. वजन मात्र बघा. चढउताराच्या प्रवासात हातात पाच-सहा किलोंपेक्षा जास्त असेल तर ती सवय महिनाभरही टिकत नाही.

भावांविषयी एक आतली गोष्ट. कोणत्याही गिऱ्हाइकाला सगळे भाव पाठ नसतात. दूध, साखर, तेल, अंडी अशा थोड्याच वस्तूंचे भाव लोकांच्या डोक्यात असतात, आणि ‘हे दुकान स्वस्त आहे’ हे मत त्यांवरूनच बनतं. मोठी दुकानं याच वस्तूंवर नफा जवळजवळ सोडून देतात आणि बाकीच्या हजारो वस्तूंवर वसूल करतात. यात फसवणूक नाही, धंदा असाच चालतो. पण तुम्ही तेलाचा भाव बघून तिकडे गेलात आणि तेलाबरोबर मसाले, बिस्किटं, भांडी घासायचे स्क्रब आणि एक बादली घेऊन आलात, तर कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा स्वस्तात आणलं की महाग, हे तुम्हाला सांगता येणार नाही. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो: घरात नेहमी लागणाऱ्या वीसेक वस्तूंची यादी करा आणि दोन्ही दुकानांतले किलोमागचे किंवा लिटरमागचे भाव महिन्यातून एकदा टिपा. पाकिटावरचा भाव नको, मापाचा हवा. युरोपीय संघाने 1998 च्या निर्देशाने दुकानांना मापामागचा भाव लिहायला लावला, तो उगाच नाही. पाकीट तेवढंच ठेवून आतला माल कमी करणं ही जगभरची रीत आहे, आणि मोठं पाकीट दर वेळी स्वस्त असतं असंही नाही. यादी केलीत की बहुतेकांना दिसतं, फरक सगळीकडे सारखा नसून सात-आठ वस्तूंवरच मोठा आहे. त्या सात-आठ लांबून आणा, बाकीच्यांसाठी धावू नका.

कोपऱ्यावरचा दुकानदार महाग का विकतो, हेही समजून घ्या. तो तुम्हाला लुटतोय असं बहुतेकदा नसतं. माल पोचवणारी गाडी त्याच्या दारात थांबायला जो खर्च येतो तो एक खोका उतरवा की वीस, साधारण तेवढाच. वीस खोके उतरवणाऱ्याच्या मालावर तो पातळ पसरतो, एक खोका घेणाऱ्याच्या मालावर जाड बसतो. त्यातून हा लहान दुकानदार बनवणाऱ्याकडून थेट घेत नाही, मधल्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो, आणि जे विकलं जात नाही ते त्याच्याच अंगावर पडतं. त्याच्याकडे निवड कमी असते तीही यामुळेच. चोवीस नगांचा खोका मागवायचा आणि आठवड्याला दोन नग विकायचे, तर तीन महिने पैसे अडकतात.

इथे तुम्हाला करता येण्यासारखं काही आहे, आणि फार कमी लोक ते करतात. ‘तुमच्याकडे अमुक मिळत नाही’ अशी तक्रार दुकानदाराच्या काही उपयोगाची नसते. ती तो रोज ऐकतो. आठ घरांनी मिळून ‘आम्ही प्रत्येकी आठवड्याला एक घेऊ’ असं सांगितलं, तर चोवीसचा खोका तीन आठवड्यांत उठतो, आणि कोणताही दुकानदार तो मागवतो. काय मागता यापेक्षा किती आणि किती नेमाने घ्याल, हे सांगा. आणि बोललात तर घ्या. दोनदा खोका मागवून पडून राहिला की तिसऱ्यांदा तो तुमचं ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

तुमच्या वस्तीतली दुकानं बंद का पडली, याचं उत्तर थोडं लांबचं आहे. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर याने 1933 मध्ये दोन कल्पना मांडल्या, त्या आजही आमच्या कामाचा पाया आहेत. एक म्हणजे दुकान तगायला लागणारी किमान गिऱ्हाइकी. दुसरी म्हणजे त्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त किती लांब यायला तयार असतो, ते अंतर. त्या अंतराच्या आत किमान गिऱ्हाइकी बसली तर दुकान जगतं, नाहीतर कितीही मेहनती मालक असो, बंद पडतं. दुधासाठी कोणी पाच किलोमीटर जात नाही, पलंगासाठी पन्नासही जातो. त्यामुळे टोकाच्या वस्तीत सर्वांत अवघड जगणं रोजच्या वस्तूंच्या दुकानाचंच असतं.

आता हे आकड्यात बघा. आरामात पायी जायचं अंतर म्हणजे साधारण 400 मीटर, पाच मिनिटं. 400 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे सुमारे 50 हेक्टर. सुटी, अंगणवाली घरं असतील, हेक्टरी 15, तर त्या वर्तुळात 750 घरं येतात. इमारती असतील, हेक्टरी 60, तर 3000. त्याच दुकानाला, त्याच अंतरात, चौपट गिऱ्हाईक. यातही रस्ते सरळ जोडलेले असतील असं मी धरलंय. नव्या वस्त्यांमध्ये रस्ते वळसे घेऊन बंद टोकाला जातात, मधे कुंपणं असतात. हवाई अंतर 300 मीटर आणि चालायचं 900, असं सर्रास दिसतं. वर्तुळातली निम्मी घरं तिथेच गळतात. कुंपणात एक फाटक उघडून घेतल्याने एखाद्या दुकानाला जितकी मदत होते, तितकी कोणत्याही जाहिरातीने होत नाही. तुमच्या वस्तीच्या समितीत हा विषय काढा.

जागेचाही दोष असतो. क्लॅरेन्स पेरी या अमेरिकन नियोजकाने 1929 मध्ये शेजारवस्तीचा जो आराखडा मांडला, त्यात शाळा मध्यभागी होती, दुकानं मात्र कडेला, मोठ्या रस्त्यांच्या नाक्यावर. कारण तिथे शेजारच्या दोन-तीन वस्त्यांचं गिऱ्हाईकही येतं, येणारेजाणारेही थांबतात. त्याची वस्ती साधारण 5000 ते 9000 लोकांची होती. पुढे अनेक ठिकाणी दुकानांचे गाळे वस्तीच्या पोटात, बागेशेजारी नेऊन ठेवले गेले. चित्रात छान दिसतं, पण तिथून बाहेरचं कोणी जातच नाही. तुमची बंद पडलेली दोन दुकानं नक्की कुठे होती ते बघा. आणि ती कधी उघडली तेही बघा. पहिल्या टप्प्यात घरं निम्मी भरलेली असतात, गाळ्याचं भाडं पूर्ण वस्ती धरून लावलेलं असतं, आणि आलेले लोक जुन्या सवयीने जुन्याच ठिकाणाहून खरेदी करत राहतात. दुकानदाराची गंगाजळी या काळातच आटते. पहिल्या दोन-तीन वर्षांत टिकलेलं दुकान पुढे सहसा टिकतं. त्यामुळे सगळं नको, पण दूध, अंडी, ताजी भाजी, अचानक संपलेलं काहीही, एवढं जरी प्रत्येक घराने जवळच्या दुकानातून नेमाने घेतलं, तरी त्याची किमान गिऱ्हाइकी भरते. याला मी दानधर्म म्हणत नाही. ते दुकान बंद पडलं तर एक वाटी दह्यासाठी तुम्हाला जी गाडी काढावी लागेल, तिचा हा विमा आहे.

ऑनलाइनबद्दल माझं मत बरंचसं बरं आहे, फक्त सरसकट नाही. पोचवणाऱ्यालाही दारात थांबण्याचा खर्च ठरलेला असतो, म्हणूनच किमान खरेदीची अट किंवा पोचवणीचा आकार येतो. टोकाच्या वस्तीत दोन दारांमधलं अंतर जास्त, म्हणून तो आकार जास्त किंवा वेळा कमी. जड, न नासणारं, आणि ज्यात निवडायला काही नाही असं सगळं तिकडून मागवा: धान्याची पोती, तेलाचे डबे, धुण्याची पावडर, लहान मुलांचे लंगोट. पिकलेलं फळ आणि पालेभाजी दुसऱ्याच्या डोळ्यांनी निवडलेली नको. किमान अट भरण्यासाठी नको ते टोपलीत टाकणं हाच तिथला गळतीचा मुख्य मार्ग. त्यापेक्षा यादी दहा दिवस साठू द्या.

शेजाऱ्यांनी मिळून मागवण्याची कल्पना बहुतेक वस्त्यांत कोणीतरी काढतं आणि बहुतेक ठिकाणी ती सहा महिन्यांत विरते. कल्पना मात्र खोटी नाही. 1965 मध्ये टोकियोतल्या गृहिणींनी मिळून दूध विकत घ्यायला सुरुवात केली, त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी ग्राहक सहकारी संस्था उभी राहिली. शेजारच्या काही घरांचे लहान गट आणि गटाची एकत्र मागणी, ही तिची जुनी पद्धत. त्याआधी 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या अशा मोजक्या मालावर स्वतःचं दुकान उघडलं होतं, आणि उधारी बंद हा त्यांचा कडक नियम होता. हे प्रयोग विरतात ते भावामुळे नाही, हिशेब आणि वाटपाच्या कंटाळ्यामुळे. एकच उत्साही बाई किंवा काका सगळं करतात, मग थकतात. म्हणून करायचंच तर पैसे आधी, वार ठरलेला, वस्तू पाचच आणि वाटपाची पाळी प्रत्येक घरावर. पाचाच्या वर वस्तू गेल्या की वजनकाटे, उरलेलं अर्धा किलो आणि रुसवेफुगवे सुरू होतात.

साठवणीचं थोडक्यात सांगतो, कारण अर्धा तास लांबून आणलेला माल घरात येईपर्यंतच खराब व्हायला लागलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे: नाशवंत अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावं, आणि शिजवलेलं किंवा नासणारं काहीही दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. कडक उन्हाळ्यात तर मी एक तासच धरतो. म्हणून थंड वस्तू टोपलीत सर्वांत शेवटी, इन्सुलेटेड पिशवीत, आणि तिथून थेट घरी. मधे कोणाकडे चहाला थांबायचं असेल तर खरेदी त्यानंतर. घरी आल्यावर कांदे आणि बटाटे वेगवेगळे, अंधाऱ्या हवेशीर जागी. केळी, सफरचंद, पिकते टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने शेजारची पालेभाजी लवकर पिवळी पडते, तेव्हा त्यांना एका टोपलीत ठेवू नका. आठवड्याचा स्वयंपाक नाजूक भाजीपासून सुरू करा, मग टणक भाज्या, आणि शेवटचे एक-दोन दिवस डाळी-कडधान्यांवर. वीज जाण्याचा त्रास असेल तर फ्रीझर भरलेला ठेवा. दार उघडलं नाही तर पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण 48 तास थंड राहतो, अर्धा भरलेला 24. खालचा फ्रिज मात्र चारच तास.

‘संपलं’ हा शब्द घरातून घालवायचा असेल तर प्रत्येक टिकाऊ वस्तूचे दोन नग ठेवा, एक वापरात आणि एक मागे. मागचा वापरायला काढला की त्याच क्षणी यादीत लिहा, तो संपेपर्यंत थांबू नका. नियमित औषधांना तर हे सक्तीचं समजा. किमान आठवडाभराचा साठा उरलेला असतानाच पुढची सोय करा, कारण टोकाच्या वस्तीत औषधाचं दुकान असलं तरी नेमकं तेच औषध असेल याची खात्री नसते.

आता आईंचं. मला तुमच्या प्रश्नातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटला, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकलात. जपानमध्ये यावर बरंच काम झालं आहे, कारण तिथली मोठी उपनगरं एकदमच म्हातारी झाली. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये 1971 पासून तरुण कुटुंबं राहायला आली. सगळी साधारण एकाच वयाची, त्यामुळे पुढे सगळी एकदम वृद्ध झाली. मुलं बाहेर गेली, गिऱ्हाइकी घटली, इमारतींखालची दुकानं बंद पडत गेली. तिथल्या सरकारी पाहण्यांत घरापासून खाण्यापिण्याचं दुकान 500 मीटरपेक्षा लांब आणि घरात गाडी नाही, अशा लोकांची वेगळी मोजणी होते. 500 मीटर! धडधाकट माणसाला हे अंतर वाटतही नाही. पण परत येताना हातात तीन किलो असतील, मधे बसायला बाक नसेल आणि एक मोठा रस्ता ओलांडायचा असेल, तर सत्तरीतल्या माणसासाठी ते दुकान नसल्यासारखंच.

तेव्हा त्यांच्यासाठी सगळं आणून देणं हा मला पूर्ण उपाय वाटत नाही. रोजची ताजी खरेदी त्यांच्या ताब्यात द्या, वेगळ्या पैशांसकट, आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानातून होऊ द्या. तिथे भाव चढा असला तरी ही खरेदी लहान असते, फरक फारसा बसत नाही. आणि दुकानदाराशी ओळख झाली की दोन दिवस त्या दिसल्या नाहीत तर विचारणारं कोणीतरी असतं. जड सामान त्यांच्या यादीतून पूर्ण काढा. चाकांची पिशवी घ्यायची असेल तर आधी तुमच्या पदपथावर ती चालते का बघा. दर वीस मीटरवर उंच कडा असेल तर ती पिशवी उचलूनच न्यावी लागते. एकदा त्यांच्याबरोबर, त्यांच्या चालीने, दुकानापर्यंत जाऊन या. कुठे थांबावं लागतं, कुठे रस्ता ओलांडायला भीती वाटते, ते कळेल, आणि बाक किंवा गतिरोधक मागताना नेमकी जागा सांगता येईल.

राहता राहिली दुसरी गाडी. फक्त बाजारहाटासाठी असेल तर माझा सल्ला आहे, आत्ता नको. पुढचे दोन महिने वर सांगितल्याप्रमाणे वाटून बघा: जड आणि टिकाऊ माल ऑनलाइन, मधला गट रोजच्या वाटेवरून, ताजं कोपऱ्यावरून, आणि मोठ्या दुकानात फेरी फक्त त्या सात-आठ वस्तूंसाठी, टोपली पुरेशी मोठी झाली की. एका वहीत तीनच रकाने ठेवा: कुठून, किती, आणि त्यासाठी वेगळी फेरी पडली का. दोन महिन्यांनी तिसऱ्या रकान्यातल्या खुणा मोजा. त्या आठवड्याला एक-दोन असतील, तर तेवढ्यासाठी भाड्याची गाडी किंवा पोचवणीचा आकार दुसऱ्या गाडीच्या हप्ता, विमा आणि देखभालीच्या जवळपासही येणार नाही. चार-पाच असतील, तर त्या कशासाठी पडल्या ते बघा. बहुधा मुलांची ने-आण किंवा दवाखाना निघेल, आणि मग गाडीचा हिशेब बाजारहाटाच्या वहीत न करता वेगळा मांडावा लागेल.